वाचणारीचे पापड

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दर एप्रिलला एक कागद चिकटवतात. ‘गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या किंवा इतर कोणतेही वाळवण घालू नये.’ खाली सेक्रेटरींची सही. माजिवड्याच्या या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत गच्चीवर कुणी एक मिरची वाळत घातलेली मी पाहिलेली नाही. तरी कागद लागतो. मला तो आवडतो. तो लागला की समजायचं, पापडांचे दिवस आले. नाहीतर चौदाव्या मजल्यावर, खिडक्या लावून बसलेल्या माणसाला ऋतू कळायचा कसा?

माझे पापडांचे दिवस डोंबिवलीचे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मी बावीसची. खालीवर मिळून दहा खोल्यांची चाळ, पुढे लांब गॅलरी, वर पत्रे नसलेली मोकळी गच्ची. आता तिथे सात मजले उभे आहेत. मागच्या वर्षी रिक्षातून जाताना मी ‘इथे आमची चाळ होती’ म्हणून दाखवलं, तर रिक्षावाला म्हणाला, “काकी, सगळे हेच सांगतात.”

चाळीतल्या पाच घरांचा पापडांचा पाळीचा करार होता. आज आक्कांकडे, उद्या आमच्याकडे, परवा लीलाताईंकडे. जिचे पापड तिने पहाटे उठून उडदाचं डांगर कुटून ठेवायचं आणि बाकीच्यांनी दुपारी आपापला पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. लाटणी एकमेकांत मिसळतात म्हणून प्रत्येकीने दांड्याला रंगीत दोरा बांधलेला. माझा हिरवा होता. दोऱ्यानेच लाट्या कापायच्या, तेलात घोळवायच्या, ओल्या फडक्याखाली झाकायच्या. त्यातल्या दोनचार तोंडात जायच्याच. हिंगाचा वास केसांत बसायचा तो जूनपर्यंत. आमचे हे म्हणायचे, “मे महिन्यात घरात बायको नाही, पापडाचा डबा वावरतो.”

लीलाताई प्राथमिक शाळेत बाई होत्या, त्यामुळे मे महिना त्यांना सुट्टी. पण पापड लाटायचा तर त्यांना अजिबात यायचा नाही. गोल म्हणून सुरू करायच्या आणि तयार व्हायचा तो नकाशा. तिसऱ्या दिवशी आक्कांनी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

“लीला, तू आमच्या पिठाची वाट नको लावू. तुला काय येतं ते कर.”

“मला वाचायला येतं,” लीलाताई म्हणाल्या. थट्टेने म्हणाल्या असतील.

“मग वाच. वाचणाऱ्यांचे पापड तसेच येतात.”

तिथून नियम पडला. वाचणारीने लाटायचं नाही, कारण तेलाचे हात पुस्तकाला लागतात. तिच्या वाटणीचे पापड बाकीच्या चौघींनी लाटून द्यायचे, आणि पुस्तक संपेपर्यंत तिला सुट्टी. लीलाताई हात साबणाने दोनदा धुऊन भिंतीला टेकून बसायच्या आणि वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचायच्या. अडखळायला नको म्हणून पुढचा भाग घरी आधीच वाचून यायच्या. शाळेतली सवय.

पुस्तकाला वाचनालयाची तपकिरी बांधणी होती, नावाचं पान कधीचं गेलेलं. आम्ही नाव विचारलंही नाही. गोष्ट एका आईची होती. मुलगा भांडून घर सोडून जातो आणि ती रोज दुपारी दोन ताटं घेते. एक आपलं, एक त्याचं. जेवून झालं की त्याचं ताट तसंच उचलते, पुसते, फळीवर ठेवते. शेजारीपाजारी हसतात, दीर ओरडतो, ती ऐकत नाही. दोनशे पानं हेच, पण काय सांगू, रोज दुपारी कधी एकदा अडीच वाजतात असं व्हायचं.

आता आक्कांचं सांगायला हवं. आक्का आमच्यात मोठ्या, तेव्हा बेचाळीसच्या. त्यांचा थोरला किशोर मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला, वडिलांनी हात उगारला, तो चपला न घालता जिना उतरला. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. चाळीत त्याचं नाव कुणी काढत नसे. पुस्तकातला मुलगा घर सोडून गेला त्या दुपारी आमची तिघींची लाटणी एकदम हळू झाली आणि आम्ही सगळ्या आक्कांकडे न बघता आक्कांकडे बघायला लागलो. आक्का म्हणाल्या, “काय गं, थांबलात का? लाट्या सुकतायत.” मग लीलाताई पुढे वाचू लागल्या.

माझं म्हणाल तर मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत. अक्षरं लावता यायची, दुकानांच्या पाट्या वाचायचे, पण एक सबंध पान वाचायचं म्हणजे पायरी न बांधलेल्या विहिरीत उतरल्यासारखं. लीलाताईंचं वाचणं ऐकताना मला वाटे, हिला त्या पानात माणसं दिसतात, मला फक्त मुंग्या. एकदा त्या पाणी प्यायला उठल्या, वाऱ्याने पान उलटायला लागलं आणि मी धावून ते दाबलं. तेलाच्या हातांनी. दोन बोटं उठली. लीलाताई केवढ्या ओरडल्या! “शालन, वाचनालयाचं आहे ते!” मी रडवेली झाले. पण खरं सांगते, वारा निमित्त होता. मला त्या पानाला हात लावायचा होता. त्याच दिवशी मी मनात धरलं, एकदा आपण या जागी बसायचं. हात स्वच्छ धुऊन, भिंतीला टेकून, चार बायकांपुढे एक अख्खं पुस्तक वाचायचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

शेवटचा दिवस आक्कांकडेच आला. मुलगा परत येतो, लीलाताईंनी वाचलं. भर दुपारी दारात उभा राहतो. आईचे हात पिठात. ती उठत नाही, रडत नाही, एवढंच म्हणते, “हात धुऊन घे. ताट वाढलेलंच आहे.” आम्ही सगळ्या रडलो. लाटण्याचं भान कुणाला? त्या दिवसाचे पापड असे जाड झाले की वर्षभर तळताना फुलेनात. डब्यातून एखादा आला की घरोघर म्हणायचे, “हा शेवटाचा पापड दिसतोय.” आक्का मात्र रडल्या नव्हत्या. त्या लीलाताईंकडे बघत होत्या. मला वाटलं, आशेने बघतायत.

जूनमध्ये लीलाताईंच्या यजमानांची नाशिकला बदली झाली आणि ते बिऱ्हाड गेलं. जाताना त्यांनी मला पाचवी, सहावी, सातवीची मराठीची पुस्तकं दिली. “वाचत जा. मोठ्याने वाच, मोठ्याने वाचलं की चूक कानाला कळते.” मी मोठ्याने वाचू लागले. कुकरला धडे ऐकवले, भांड्यांना कविता ऐकवल्या. आमचे हे बाहेरून विचारायचे, “कुणाशी बोलतेयस?” मी म्हणायचे, “सहावीतल्या माणसांशी.” पुढे वाचनालयाची सभासद झाले. तिथल्या बाई माझ्याकडे बघून हसायच्या, कारण मी कपाटापाशी उभी राहूनही ओठ हलवायचे. अजून हलवते. मनातल्या मनात वाचायला मला कधी आलंच नाही, आणि आता शिकायचं वयही नाही.

ते पुस्तक मी शोधत होते. नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, तपकिरी बांधणी तर निम्म्या कपाटाला. बारा वर्षांनी सापडलं. चाळता चाळता एका पानावर दोन बोटांचे तेलकट डाग, पिवळे, पारदर्शक झालेले. त्यावर मी माझी बोटं ठेवून पाहिली. बसली बरोबर. घरी नेलं, चार दिवसांत वाचलं आणि शेवटच्या पानावर येऊन थांबले.

मुलगा येत नाही. पुस्तकात तो येतच नाही.

मी पान मागेपुढे करून पाहिलं, एखादं फाटलं असेल म्हणून. फाटलेलं नव्हतं. मग मला राग आला, आणि राग कसला तर फसवल्याचा. त्या शेवटापायी मी वाचायला शिकले होते, तो मला माझ्या डोळ्यांनी वाचायचा होता, आणि तो तिथे नव्हताच! मी लीलाताईंना कार्ड लिहिलं. माझ्या हातचं त्यांना आलेलं पहिलं पत्र, आणि ते भांडणाचं. ‘तुम्ही आम्हाला खोटं का वाचून दाखवलं?’ आठ दिवसांनी उत्तर आलं. पत्ता सोडला तर कार्डावर एकच ओळ होती. ‘आक्का समोर बसल्या होत्या.’

त्यावर मी काय लिहिणार? कार्ड जपून ठेवलं. पुढे वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा मी ते पुस्तक मागून घेतलं आणि कार्ड त्यात ठेवलं. लीलाताई गेल्या. आमचे हे गेले. चाळ पाडली. मी मुलाबरोबर माजिवड्याला आले, पुस्तक माझ्या कपाटात साड्यांखाली.

यंदा लिफ्टमध्ये कागद लागला त्याच आठवड्यात आमच्या ईशाने, म्हणजे नातीने, फ्रिजवर एक कागद लावला. घरातल्या प्रत्येकाने आपली बकेट लिस्ट लिहायची. तिने स्वतःच्या अकरा गोष्टी लिहिल्या, त्यात एक आकाशातून उडी मारणे. मुलाने लडाख लिहिलं. सुनेने लिहिलं, ‘एक दिवस कुणी काही विचारू नये.’ मी लिहिलं, ‘पापड लाटणाऱ्या बायकांना एक पुस्तक पूर्ण वाचून दाखवणे.’

“आजी, हे काय गं? एवढं तर तू कधीपण करू शकतेस.”

“मग पंचेचाळीस वर्षं का नाही केलं?”

“का नाही केलंस?”

संसार होता, वेळ नव्हता, हे सगळं खरं. पण खरं कारण त्या साड्यांखाली होतं. मला वाचायचं होतं ते हेच पुस्तक, आणि ते वाचायचं तर शेवट कुठला वाचायचा?

आक्का आता सत्त्याऐंशीच्या आहेत. कल्याणला मुलीकडे असतात, मंगलकडे. मंगल चाळीत आमची ताटं गच्चीवर पोचवणारी दहा वर्षांची पोर होती, आता ती स्वतः सासू झालीय. तळमजल्याचं जुनं घर, मागे फरसबंद पडवी, आणि अजून दर एप्रिलला आजूबाजूच्या पाचसहाजणी तिच्याकडे पापडाला जमतात. मी फोन केला. मंगल म्हणाली, “वहिनी, विचारताय काय? आठ दिवस राहायलाच या.” मुलगा कुरकुरला, कल्याणला ऊन किती आहे माहितीये का, वगैरे. मी म्हटलं, “पापडांना ऊन लागतंच.” बॅगेत चार साड्या, बीपीच्या गोळ्या, पुस्तक आणि हिरव्या दोऱ्याचं लाटणं घेतलं आणि बस पकडली.

पहिल्या दुपारी मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते. बायकांना आधी गंमत वाटली. त्यांचा मोबाइलवर सीरियल लावायचा रिवाज. एक सविता म्हणून आहे, तिने तोंडावरच विचारलं, “मावशी, किती पानं आहेत हो?” दोनशे सांगितल्यावर तिने मोबाइलकडे अशी नजर टाकली की मला हसूच आलं. पण तिसऱ्या दिवशी तीच सविता दारातून ओरडत आली, “सुरू नाही ना केलं? त्या दिराला कुणीतरी बदडा हो!” मी हात साबणाने दोनदा धुवायची. भिंतीला टेकायची. आक्का खुर्चीत बसायच्या, डोळ्यांना कमी दिसतं, पण हातात लाटी हवीच. बोटांनी ती मळत राहायच्या. मला वाटायचं, ऐकता ऐकता झोपतायत. पान उलटलं की डोळे उघडायचे.

सातव्या दिवशी मंगलने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिला मी आदल्या दिवशीच कार्ड दाखवलं होतं.

“वहिनी, उद्या शेवट. तुम्ही तोच वाचा हं. लीलाताईंचाच.”

“पण पुस्तकात तसं नाहीये गं.”

“नसू दे. आई अजून सांगते सगळ्यांना, ‘हात धुऊन घे, ताट वाढलेलंच आहे.’ किशोरदादाचं आजतागायत काही कळलेलं नाही. या वयात तिला कशाला?”

बरोबरच होतं तिचं. पण मग माझं काय? पंचेचाळीस वर्षांनी मी एक अख्खं पुस्तक वाचणार आणि त्याचं शेवटचं पान वाचायचं नाही? हा हट्ट म्हणा, हावरटपणा म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांकडे बघितलं. मंगल त्यांच्या बशीत चहा गार करून देत होती. मी ठरवलं, लीलाताईंचाच वाचायचा.

दुपारी सगळ्या जमल्या. मी शेवटून दुसऱ्या पानाच्या तळाशी आले. तिथून पुढचं मला पाठ होतं. पुस्तकातलं नाही, लीलाताईंचं. नजर कागदावर ठेवून मी सुरू केलं. “भर दुपारी दारात सावली पडली. तिचे हात पिठात होते...”

“शालू,” आक्का म्हणाल्या.

मी थांबले.

“पान उलट.”

“अं?”

“लीलानेपण उलटलं नव्हतं. एवढं मोठं वाचलंन, मुलगा आला, जेवला, आणि पान तेच. मला वाचता येत नाही गं, पण पान उलटलेलं दिसतं की नाही?”

सविताचं लाटणं हवेत. मंगलचा चेहरा तर पांढरा पडलेला.

“म्हणजे आक्का, तुम्हाला तेव्हापासून...”

“तेव्हापासून. घामाघूम झाली होती बिचारी. माझ्याकडे बघायची आणि एकेक वाक्य रचायची. एवढ्या मायेने करत होती, तिला कशाला उघडं पाडायचं? आणि गोड होतं की. एक दिवस गोड खाल्लं म्हणून काय झालं? मी पोरांना तेच सांगत आले.” त्यांनी हातातली लाटी ताटलीत ठेवली. “आता वाच काय लिहिलंय ते. मला परत वाचून दाखवायला कोण येणार आहे?”

मी मंगलकडे बघितलं. ती आक्कांकडे बघत होती. मी अंगठ्याने पान सुटं केलं आणि उलटलं, आक्कांना दिसेल असं, हात जरा उंच धरून.

शेवटचं पान अर्धंच आहे. त्या दुपारी आई फळीवरून एकच ताट काढते. दुसरं पालथं घालून ठेवते. भात, वरण, लोणच्याची फोड वाढून घेते. दारात सावली हलल्यासारखी वाटते, पण ती मान वर करत नाही. ती पोटभर जेवते. पुस्तक संपलं.

मागच्या घरी कुणीतरी मिरच्या कुटत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. मनात म्हटलं, वाचलं मी, आणि चुकलं की काय आपलं?

“पोटभर?” आक्कांनी विचारलं.

“हो. पोटभर असंच लिहिलंय.”

“मग बरोबर आहे.” मंगलकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “किशोरचं ताट मी तुझ्या रुखवतात दिलं.”

मंगल बघतच राहिली. “कुठलं? ते कडेला वेल काढलेलं?”

“तेच. घरात कुणी नसताना तेरा वर्षं रोज मांडलं, मग म्हटलं, कुणाच्या तरी पोटाला लागू दे.”

मंगल त्याच ताटात जेवते. आठ दिवस रोज मी तिला त्यातच जेवताना पाहत होते. ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. आली ती फडक्याखालच्या लाट्या चाचपत, “सुकल्या सगळ्या,” असं पुटपुटत. सविताने नाक ओढून ओल्या हाताने फडकं भिजवलं. हळूहळू पुन्हा लाटण्यांचे आवाज सुरू झाले.

मी पुस्तक पिशवीत ठेवलं. लीलाताईंचं कार्ड शेवटच्या पानाशी होतं, ते तिथेच राहू दिलं. आता काय करावं सुचेना, म्हणून भिंतीला टेकून बसून राहिले.

“तू काय बसलीस?” आक्का म्हणाल्या. “पुस्तक संपलं, वाचणारीची सुट्टी संपली. घे लाटणं.”

मी हिरव्या दोऱ्याचं लाटणं काढलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तेलात हात बुडवला, लाटी घेतली, पोळपाटावर ठेवली. हात बसलेला आहे माझा, पन्नास वर्षांचा. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पापड एका बाजूने भलताच पळाला. मी तो गुपचूप मोडून पुन्हा लाटी करणार, तेवढ्यात आक्कांनी हात पुढे करून तो पोळपाटावरच चाचपला, कडेकडेने बोट फिरवत.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “वाचणाऱ्यांचे तसेच येतात.”